पंचावन्न इंचांवरचा खेळ

माझ्या लग्नात धुळ्याहून जळगावला जे सामान आलं, त्यात गाद्या, कपाट, भांडी यांच्यासोबत माझा कॉम्प्युटर होता. तो मी स्वतः जुळवलेला. लग्नाआधी तीन वर्षं मी धुळ्याला एका संगणक वर्गात शिकवायचे. पगारातून एकेक भाग घेतला आणि माहेरच्या पडवीत बसून स्क्रू फिरवत तो उभा केला. दिवसभर मुलांना टायपिंग शिकवून घरी आलं की तासभर खेळायचं, हा माझा रोजचा नेम. आईला ते कधी आवडलं नाही, पण पोरगी कमावती आहे म्हणून ती गप्प बसायची.

टेम्पो पारोळा ओलांडून एरंडोलच्या आसपास आला तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या आदळआपटीत कपाटाचा कोपरा मॉनिटरवर बसला. जळगावला खोका उघडला तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर. मी नवी नवरी, चारचौघांत रडायची सोय नव्हती. पण नवऱ्याने चेहरा पाहिला असावा. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? आपला हॉलमधला टीव्ही पंचावन्न इंची आहे. त्यालाच लाव."

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचं माहेर एरंडोलकडचं, घरात त्या अहिराणीच बोलतात. काळ्या डब्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हाई काय शे व माय?"

"कॉम्प्युटर, आई. यावर कामही होतं, खेळताही येतं."

"खेळतस? कोन खेळतस?"

नवरा हसला आणि म्हणाला, "तुझी सून."

त्याचं ते हसणं मला अजून आठवतं. त्यात कौतुक होतं. मी ते उगाच म्हणत नाही, खरंच होतं.

टीव्हीवर खेळणं मला पहिले काही दिवस जमेना. मॉनिटर हातभर अंतरावर असतो, नजर एका जागी राहते. इथे सोफ्यावरून अक्षरं मुंगीएवढी दिसायची, पुढे जाऊन बसलं तर मान इकडून तिकडे फिरवावी लागायची. बटण दाबलं की गाडी जरा उशिराच वळायची. मला वाटलं लग्नाच्या गडबडीत हाताची सवय गेली. मग लक्षात आलं, चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्हीच वेळ खातो. सेटिंगमध्ये शिरून ते बंद केलं, अक्षरं मोठी केली. टेबल नव्हतं, म्हणून मांडीवर पोळपाट घेऊन त्यावर माउस फिरवायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गोलाणी मार्केटकडून येताना स्वयंपाकासाठी वेगळा पोळपाट आणला.

नवरा एका पाइप कारखान्यात खरेदी विभागात होता. तोवर तो फक्त मोबाइलवर खेळलेला. संध्याकाळी सहा-साडेसहाला घरी आला की चहा घेता घेता बघत बसायचा. मग मी त्याच्या हातात गेमपॅड दिला. मोटारींच्या शर्यतीत पडदा मधोमध दुभागतो, वरच्या अर्ध्यात एकाची गाडी, खालच्या अर्ध्यात दुसऱ्याची. मॉनिटरवर असं दोघांनी खेळायचं म्हणजे डोळे फोडून घ्यायचे. टीव्हीवर मात्र प्रत्येकाला ऐसपैस जागा. तो प्रत्येक वळणावर भिंतीला धडकायचा आणि लहान पोरासारखा ओरडायचा. मी त्याला ब्रेक कधी दाबायचा ते शिकवलं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या चार महिन्यांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं नंतर कधी बोललो नाही.

खेळताना माझ्या तोंडून 'तू' निघायचं. एरवी मी त्याला अहो-जाहो करते, आमच्याकडे सगळ्याच सुना करतात. पण गाडी ऐंशीच्या वेगाने वळणावर असताना 'अहो, डावीकडे घ्या' म्हणायला वेळ कुठला? "अरे डावीकडे घे, गेलास बघ!" असंच तोंडून यायचं. त्याला चालायचं. एकदा म्हणालाही, "असंच बोलत जा, बरं वाटतं." अर्थात सासूबाई आत देवासमोर असताना.

दुपारी घर निवांत असलं की मी एकटी खेळायचे. मला शेतीचा खेळ आवडायचा. त्यात नांगरणी, पेरणी, कापणी, ट्रॅक्टर वळवणं, सगळं खऱ्यासारखं. आम्ही शाळामास्तरांच्या घरातले, शेत फक्त दुसऱ्यांचं पाहिलेलं. टीव्हीवर तो गहू भिंतभर पिवळा पसरायचा आणि मला फार श्रीमंत वाटायचं. माहेरापासून दीड वर्ष जमवलेलं शेत होतं ते. कुंपणाला कोणती झाडं लावायची यावर मी दोन-दोन दिवस घालवले होते.

पण टीव्ही हॉलमध्ये होता आणि हॉल सगळ्यांचा. मॉनिटरला पाठ असते, मागून येणाऱ्याला तुम्ही नुसते टेबलाशी बसलेले दिसता. पंचावन्न इंचांवर तुम्ही काय करताय ते जाळीच्या दारातून गल्लीलाही दिसतं. शेजारच्या अक्का एकदा पापड मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "सूनबाई शेती करताय का?" म्हणाल्या, आणि ते चार घरांत झालं. सासरे, म्हणजे नाना, बातम्यांच्या वेळेआधी पंधरा मिनिटं येऊन खुर्चीत बसायला लागले. 'बंद कर' म्हणाले नाहीत. फक्त रिमोट हातात धरून बसायचे. मी बंद करायचे.

मग नवऱ्याचे कारखान्यातले मित्र रविवारी दुपारी यायला लागले. चार-पाच जण. मोठ्या टीव्हीवर शर्यत लावायची, आरडाओरडा करायचा, भरीत-भाकरी खायची आणि पुन्हा खेळायचं. भरीत मी भाजायचे. वांगी सोलता सोलता आवाजावरून मला कळायचं की कोण कुठल्या वळणावर आपटला. कॉम्प्युटर कोणाचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. नवऱ्याने नवा घेतला असं ते धरून चालले होते आणि तो त्यांना तसं धरू देत होता.

एका रविवारी मी ताटं घेऊन गेले तेव्हा एकजण गमतीने म्हणाला, "वहिनी, एक डाव होऊन जाऊ द्या. आमच्या भाऊला आज कोणी हरवत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बस ना, बस."

मी साडीचा पदर खोचून बसले. पहिली शर्यत मी जिंकले. मित्र ओरडले, "अरे वा!" दुसरी जिंकले. तिसऱ्या वेळी तो घामाघूम होऊन खेळत होता, खालचा ओठ दाताखाली धरलेला. मी हळू व्हायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कित्येक रविवारांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात माझी वस्तू आली होती. शेवटच्या वळणावर तो भिंतीला धडकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, किती वेळा सांगितलं तुला, ब्रेक आधी दाब!"

मित्र सोफ्यावर लोळून हसले. एकजण म्हणाला, "म्हणजे गुरू घरातच आहे! आणि तुला 'अरे' म्हणते की रे!"

नवराही हसला. पण गेमपॅड खाली ठेवताना तो जरा जोरात ठेवला गेला.

आत सासूबाई वाट पाहत होत्या. "इतला गडीसमा बठनी का वं तू?" इतक्या पुरुषांत बसलीस? आणि वर त्याला एकेरी हाक? मी भांडी घासायला घेतली.

मित्र गेल्यावर नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "दाखवायची काय गरज होती?"

"तुम्हीच बस म्हणालात."

"एक हरली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मी पुन्हा भांड्यांकडे वळले.

त्यानंतर रविवार बंद झाले. तो संध्याकाळी हॉलमध्ये येईनासा झाला. कॉम्प्युटरमुळे टीव्ही खराब होतो असं घरात बोललं जाऊ लागलं. कोणी शोधून काढलं ते मला कळलं नाही. मी नानांना समजावून सांगितलं की तसं काही नसतं. ते म्हणाले, "असेल बुवा. पण घरातला टीव्ही आहे, जपलेला बरा."

त्याच सुमारास माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी पंधरा दिवस धुळ्याला गेले. परत आले तर टीव्ही भिंतीला घट्ट बसवलेला, भोवती सुताराने केलेली लाकडी चौकट. मागे बोटही जाईना. आणि कॉम्प्युटर नाही.

"धूळ साचली होती, फार तापत होता," नवरा म्हणाला. "दुरुस्तीला दिलाय."

"मला सांगायचं ना. मी साफ केला असता."

"तू नव्हतीस."

मी दर आठ-दहा दिवसांनी विचारायचे. कधी पार्ट आलेला नसायचा, कधी दुकानदार गावाला गेलेला असायचा. मी मूर्ख नव्हते. त्या मशीनचा प्रत्येक भाग माझ्या हातचा होता. पण नवरा खोटं बोलतोय असं मानण्यापेक्षा दुकानदार कामचुकार आहे असं मानणं सोपं होतं. मी दोन महिने तेच मानत राहिले.

मग नणंदेच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आली. नंदोई सावद्याचे, केळीचे व्यापारी, माणूस मोकळा आणि मोठ्या आवाजाचा. पूजा झाली, पंगती उठल्या, आणि हॉलमधून हसण्याचे आवाज आले. मी पानसुपारीचं तबक घेऊन गेले. भिंतीवर आमच्यापेक्षाही मोठा टीव्ही. त्यावर ट्रॅक्टर चालला होता. आठ-दहा पाहुणे बघत होते आणि नंदोई मांडीवर पाट घेऊन माउस फिरवत होते. खाली माझा काळा डबा. डावीकडची झाकणाची पट्टी मी चुकीच्या स्क्रूने बसवली होती, तो पितळी स्क्रू चमकत होता.

"या वहिनी, या!" नंदोई म्हणाले. "बघा तुमच्या नवऱ्याने काय भारी वस्तू दिली. खरी केळी बघून बघून कंटाळलो, म्हटलं जरा गहू पेरू!"

मला पडद्यावर माझी कुंपणं दिसेनात.

"यात कोणाचं तरी शेत आधीच होतं," ते पाहुण्यांना सांगत होते. "फार निगुतीनं केलेलं, भोवती झाडं-बिडं. मी सगळं विकलं आणि हे मोठं मशीन घेतलं. झाडं तोडली, नुसती अडचण."

"ते माझं होतं," मी म्हणाले.

"काय?"

"शेत. आणि कॉम्प्युटरही. तो दुरुस्तीला आहे असं मला सांगितलंय."

हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. नंदोईंनी माउस सोडला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मोबाइलमध्ये पाहत होता. नणंद पुढे आली, माझा दंड धरून हळूच म्हणाली, "अगं, आजचा दिवस आहे. आणि माहेरचं सामान एकदा सासरी आलं की ते घराचंच होतं ना. एवढ्याशा खेळासाठी काय?"

मी तबक खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

परतताना गाडी भुसावळला आली. मागे नाना आणि सासूबाई डोळे मिटून बसले होते, झोपलेले नव्हते. मग नवरा म्हणाला, "पाहुण्यांसमोर माझी अब्रू काढलीस."

"तुम्ही खोटं बोललात."

"घरात शांतता राहावी म्हणून बोललो."

"कोणाची शांतता?"

त्याने रेडिओ लावला.

आठ दिवसांनी नंदोईंचा माणूस गाडीतून कॉम्प्युटर घेऊन आला. पोत्यात, वाळलेल्या केळीच्या पानांत नीट गुंडाळलेला. पाठोपाठ त्यांचा फोन. "वहिनी, शपथेवर सांगतो, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर हातही लावला नसता." थोडं थांबून म्हणाले, "ते शेत परत आणता येतं का हो?"

"नाही येत, भाऊजी."

"चुकलंच माझं," ते म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणात हे वाक्य बोलणारा तो एकच माणूस, आणि चूक त्याची नव्हती.

तोवर मी जळगावातल्या एका संगणक वर्गात पुन्हा शिकवायला लागले होते. तिथल्या पगारातून एक लहान मॉनिटर आणला आणि मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी मांडला. कोणी हरकत घेतली नाही. मला भांडण हवं होतं बहुतेक, ते मिळालं नाही. सासूबाई गहू काढायला येतात तेव्हा मी खुर्ची सरकवते, त्या जातात, मी पुन्हा बसते. शेत नव्याने लावलं नाही. मधेमधे कोडी सोडवते, पत्ते खेळते.

गेल्या दिवाळीत नवऱ्याने टीव्हीला लावायचं खेळाचं यंत्र आणलं. सुताराला बोलावून चौकटीला खालून भोक पाडलं, वायर आत गेली, अर्ध्या तासात काम झालं. मी चहा देताना ते भोक पाहिलं. त्यानेही मला पाहताना पाहिलं.

यंत्राच्या खोक्यात दोन गेमपॅड होते. मित्र आता येत नाहीत, एकाची बदली झाली, बाकीच्यांना पोरंबाळं झाली. तो आठवडाभर एकटाच खेळला. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "दोघांचा खेळ आहे. बसतेस का?"

पोळ्या झाल्या होत्या. डब्यात भरून ठेवल्या होत्या, तव्याखालचा गॅससुद्धा बंद होता.

"पोळ्या राहिल्यात अजून," मी म्हणाले.

त्याने विझलेल्या गॅसवरच्या तव्याकडे पाहिलं, मग तो "बरं" म्हणून हॉलमध्ये गेला. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले, आणि पोळ्या करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बाहेर गेले नाही.