चिकपेटच्या टोकाला कोण होतं?

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले अनुभव मी आजवर चहा पीत, हसत वाचलेत. स्वतःचा लिहायला मात्र इतकी वर्षं लागली...

मी मूळचा निपाणीचा. सत्त्याण्णव साली बेंगळुरूत एका छोट्या कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होतो. आमचं एक गिऱ्हाईक कपड्यांचे एक्स्पोर्टर होते. फॅक्टरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, जुनं ऑफिस चिकपेटात. दोन्हीकडे एकेक राउटर, एकेक मॉडेम आणि मध्ये भाड्याची लीज्ड लाइन.

एका सोमवारी ती लाइन पडली. मंगळवारी मी फॅक्टरीत आणि माझे सीनियर इनामदार सर चिकपेटला जायचं, असं ठरलं. सर धारवाडकडचे, मला ‘तम्मा’ म्हणायचे, कानडीत धाकटा भाऊ. मालकांच्या घरी मैसूरला लग्न होतं, म्हणून चिकपेटचं ऑफिस बंद होतं. किल्ली सरांनी सोमवारीच घेऊन ठेवली होती.

मी अकराला पोचलो. राउटरच्या स्क्रीनवर — सीरियल डाउन, लाइन प्रोटोकॉल डाउन. म्हणजे समोरून काहीच येत नाही. साहजिकच होतं, तिकडचा मेन स्विच बंद, सर जाऊन तो लावणार होते. बारा वाजले, एक वाजला. चिकपेटचा फोन नुसता वाजत राहिला. मला सरांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

दोनला पाच कमी असताना मॉडेमवरचा दिवा लागला. त्या मॉडेमला हँडसेट होता. बटण फिरवलं की त्याच तारेवरून समोरच्या टोकाशी बोलता यायचं. मी उचलला.

“सर? केव्हाची वाट बघतोय!”

थोडा वेळ नुसती खरखर. मग सरांचाच आवाज, पण फार दमलेला. “तम्मा... तुझ्याकडं उजेड आहे काय रे?”

“सर, भर दुपार आहे.”

“इथं काय दिसंना बघ.”

“मेन स्विच लावलात ना? माझ्याकडे दिवा आलाय.”

पुन्हा खरखर. मग — “लाइन धरलीय मी. तू बघ लवकर. स्वल्प जड व्हायलंय.”

मला वाटलं, मॉडेम हातात धरून उभे असतील. बटण डेटावर टाकलं. सीरियल अप. काही सेकंदांत लाइन प्रोटोकॉलही अप. चिकपेटच्या राउटरला पिंग केलं, म्हणजे पाच वेळा हाक मारून पाहिली, पाचही उत्तरं आली. सगळं वेळेसकट वहीत टिपलं आणि परत हँडसेट उचलला.

“झालं सर, आली लाइन. सोडा आता. निघा तुम्ही.”

“निघू म्हणतोस?”

“हो, निघा.”

“सरी, बरं...”

आणि दिवा विझला. सीरियल डाउन. दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

मी चिडून पुन्हा पुन्हा बटणं दाबत बसलो. अर्ध्या तासाने फॅक्टरीच्या फोनवर आमचे मॅनेजर. सरांच्या स्कूटरला सकाळी दहालाच मिनर्व्हा सर्कलजवळ लॉरीने उडवलं होतं. तेव्हापासून बेशुद्धच होते. मघाशी गेले.

“मघाशी म्हणजे किती वाजता?”

“दोनच्या पुढे पाच-दहा मिनिटं... का रे?”

 मी रिसीव्हर ठेवला आणि वही उघडून टिपलेल्या वेळा पुन्हा वाचल्या.

तीन दिवसांनी सरांच्या बॅगेतली किल्ली घेऊन मी चिकपेटला गेलो. सोबत मालकही होते. कुलूप जसंच्या तसं. मेन स्विच बंद. मॉडेमची वायर प्लगमधून काढून टेबलावर गुंडाळून ठेवलेली, वर धूळ.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणी लूप टाकला, म्हणजे तार तिथूनच परत फिरवली, तर राउटर स्वतःचेच सिग्नल परत ऐकतो आणि लाइन अप दाखवतो, हे मला माहीत आहे. बऱ्याच जणांनी तेच सांगितलं. पण लूप ‘तम्मा’ म्हणत नाही.

तेराव्याला अक्कांनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, मला बाजूला घेतलं. “शेवटी कुणाशी एक शब्द तरी बोलले असतील का रे हे?”

मी नाही म्हणालो.

त्या अजून जयनगरलाच असतात, दर दिवाळीला आठवणीने फोन करतात. जे झालं त्याचं स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आजही नाही. आणि समजा सापडलं... तरी अक्कांना कुठल्या तोंडाने सांगू, की ‘निघा’ असं मीच म्हणालो होतो?