फाट्यापर्यंत सोडायला

साहेबरावांना कुणीही "कसं काय?" असं विचारलं की ते "एकदम बराबर" म्हणत. अंगात ताप असो, दाढ ठणकत असो, उत्तर ठरलेलं. घनसावंगी ते जालना रस्त्यावर वीसेक वर्षं काळीपिवळी जीप चालवलेल्या माणसाला दुसरं उत्तर परवडतही नाही. ड्रायव्हरच बरा नाही म्हटल्यावर त्याच्या गाडीत बसणार कोण? ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की तिच्यापायी पुढे भर कोर्टात त्यांचं हसं झालं.

अपघात झाला तो ऊसतोडीच्या दिवसांत. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकायच्या घाईत समोरून एक पांढरी कार थेट त्यांच्या अंगावर आली. साहेबरावांनी जीप डावीकडे घातली, तरी कारनं उजवी बाजू फाडत नेली आणि जीप रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडली. नशीब एवढंच की कुणी दगावलं नाही. शेजारी बसलेल्या साळूबाईंच्या कपाळाला टाके पडले, साहेबरावांचं खांद्याजवळचं हाड मोडलं, बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. पण त्या धक्क्यानं जीपचा हॉर्न अडकला. लोक माणसं बाहेर ओढत होते आणि हॉर्न वाजतच होता. साहेबराव स्टेअरिंगमागे अडकले होते, साळूबाईंचं रक्त त्यांच्या मांडीवर ठिबकत होतं, आणि तो आवाज काही केल्या थांबेना. शेवटी कुणीतरी बॅटरीची वायर उपटली.

हाड जुळलं. जीपही दुरुस्त होऊन दारात आली. साहेबराव मात्र तिच्यात बसेनात. आधी म्हणाले खांदा दुखतो, मग म्हणाले चष्म्याचा नंबर बदललाय, मग म्हणाले सध्या पॅसेंजरच नाहीत. जीपवर ताडपत्री चढली. बॅटरी बसू नये म्हणून त्यांचा पुतण्या मिथुन, जो घनसावंगीत गॅरेजवर कामाला होता, अधूनमधून येऊन जीप चालू करायचा. साहेबराव मजुरीनं दुसऱ्यांच्या कपाशीत जाऊ लागले. जालन्याला जायची वेळ आलीच तर दुसऱ्याच्या जीपमध्ये पार मागच्या बाकड्यावर बसत. स्टँडवरचे ड्रायव्हर जुन्या माणसाचा मान म्हणून पुढची सीट देऊ करत, तर हे म्हणत, "मागं हवा लागती."

त्यांच्या बायकोनं, केशरबाईंनी, घरातला कुकर वर माळ्यावर टाकून दिला होता. शिट्टी झाली की साहेबराव ताटावरून उठून अंगणात जातात, हे तिच्या दोनदा लक्षात आलं होतं. तिसऱ्यांदा तिनं ती वेळच येऊ दिली नाही, डाळ पातेल्यात शिजवायला लागली. शेजारणींना सांगितलं की कुकरची रिंग गेली. रिंग काय वर्षभर मिळत नाही का, असं एकीनं विचारलंही, पण केशरबाई उत्तर देणाऱ्यातल्या नव्हत्या.

दावा लावायची गोष्ट प्रीतीनं काढली. प्रीती केशरबाईंच्या माहेरची, भावकीतली पोरगी. तिचं जालन्यात मस्तगडला वकिलीचं छोटं ऑफिस होतं.

"मामा, कारच्या विमा कंपनीवर हाडाचा दावा तर लावूच," ती म्हणाली, "पण मानसिक त्रासाचीही भरपाई मागू. तुम्ही गाडी चालवू शकत नाही, ही काही छोटी गोष्ट नाही."

"मला कसला तरास? मी एकदम बराबर हाय."

"आन मंग माझा कुकर माळ्यावर का पडलाय?" केशरबाई म्हणाल्या.

साहेबरावांनी वकीलपत्रावर सही केली. मनाच्या डॉक्टरकडं जायला मात्र त्यांनी लई आढेवेढे घेतले. मी काय येडा हाय का, हे वाक्य त्यांनी घरापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत जपलं. डॉक्टरांनी कसं वाटतं विचारलं तर सवयीनं "एकदम बराबर" म्हणून मोकळे झाले. बाकीचं सगळं केशरबाईंनी सांगितलं आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

दाव्याची बातमी स्टँडवर पोचायला वेळ लागला नाही. शिवाजी नावाचा एक ड्रायव्हर होता. साहेबरावांच्याच हाताखाली गाडी शिकलेला, त्यांना भाऊ म्हणणारा. तो चार जणांत बोलून गेला, "सोंग हाय सगळं. हाड जुळून कधीचं बराबर झालंय. कंपनीकडून पैसा काढायचाय त्यांना." हे साहेबरावांच्या कानावर आलं. हाड मोडलं तेव्हा झाली नसेल एवढी कळ त्यांच्या काळजात उठली. त्या दिवसापासून त्यांना दाव्यातून एकच गोष्ट हवी होती. रक्कम मिळो न मिळो, हे सोंग नव्हतं एवढं कोर्टानं म्हणायला पाहिजे.

आणि मग विमा कंपनीचा तपासनीस घरी आला.

दुपारची वेळ. केशरबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. तो माणूस फाट्यावर उतरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर गावात आला होता. लपूनछपून नाही, कंपनीकडून आलोय असं सरळ सांगून आला. साहेबरावांनी त्याला बाज टाकून दिली, पाणी दिलं, चहा केला. जेवायची वेळ म्हणून भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. पाहुणा पोटभर जेवला. जेवता जेवता त्यानं विचारलं, "तब्येत काय म्हणते?"

"एकदम बराबर," साहेबराव म्हणाले.

आता या गावात पाहुण्याला फाट्यापर्यंत सोडायची रीत आहे. फाटा दोनेक किलोमीटर लांब. ज्याच्याकडे काही नसेल तो पायी सोबत जातो, पिशवी आपल्या हातात घेतो. पाहुणा नुसता "येतो" म्हणून एकटाच वाटेला लागला, असं त्या गावानं सहसा पाहिलेलं नाही. आणि इथं तर दारात जीप उभी होती. पाहुण्यानं उन्हाकडं बघितलं, मग ताडपत्रीकडं बघितलं आणि म्हणाला, "गाडी आहेच की तुमच्याकडं."

साहेबराव उठले आणि त्यांनी ताडपत्री काढली. पाहुणा शेजारी बसला. त्याच्या हातात मोबाइल होता. साहेबरावांना वाटलं, कुणाचा मेसेज बघत असेल. फाट्यावर उतरून तो "चांगला पाहुणचार केलात" म्हणाला आणि जालन्याच्या बसमध्ये चढला. त्यानंतर फाट्यावर जे झालं ते साहेबरावांनी कुणालाच सांगितलं नाही. केशरबाईंना एवढंच म्हणाले की क्लच गेला, गाडी फाट्यावरच राहिली. पुढं मिथुननं ती घरी आणली.

ते चित्रीकरण कंपनीनं कोर्टात दाखल केलं तेव्हा प्रीतीनं कपाळावर हात मारला.

"मामा, तुम्ही गाडी चालवलीत?"

"पाव्हना उन्हात चालत कसा जाऊ द्यावा?"

"तो पाहुणा नव्हता, समोरच्या पार्टीचा माणूस होता!"

"जेवला की आपल्या घरी," साहेबराव म्हणाले. प्रीतीला यावर कोणतं कलम लागतं ते काही आठवेना.

जबाबाच्या दिवशी केशरबाई मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. कंपनीच्या वकिलानं लॅपटॉप न्यायाधीश मॅडमकडं वळवला. पडद्यावर साहेबराव स्वस्थ बसून जीप चालवत होते.

"गाडी तुम्हीच चालवताय ना?"

"हो."

"तब्येत कशी आहे विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत?"

"एकदम बराबर."

कोर्टात खसखस पिकली. वकीलसाहेबांनी ती पुरती पिकू दिली. साहेबरावांना वाटलं, शिवाजी आत्ता इथं असता तर मनासारखं झालं म्हणाला असता. आपणच आपल्या हातानं आपलं सोंग सिद्ध केलं, या विचारानं त्यांचे कान तापले.

मॅडम हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ते शेळ्यांचं परत दाखवा."

चित्र मागं घेतलं. रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या होत्या. साहेबरावांनी जीप थांबवली, दार उघडून खाली उतरले, हातानं शेळ्या हाकलल्या, परत येऊन बसले. पुढं एक म्हैस आली, तेव्हाही तेच.

"तुम्ही खाली का उतरलात? हॉर्न का नाही दिला?"

साहेबरावांनी प्रीतीकडं बघितलं, पण मधे बोलायची तिला मुभा नव्हती.

"न्हाई देववत," शेवटी ते म्हणाले. "त्यो आवाज न्हाई सोसत, मॅडम."

"मग फाट्यावरून परत कसे आलात? गाडी घेऊनच आलात ना?"

साहेबरावांनी मागं वळून बायकोकडं पाहिलं.

"न्हाई. चालत आल्तो. पाव्हना शेजारी बसलेला व्हता तवर लाजेनं चालवली. त्यो बसमधी चढला आन मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिल्ता. माझ्या पायातला जीवच गेला. गाडी तशीच सोडली, बाभळीखाली जाऊन बसलो. मंग वावरावावरातून घरी गेलो, रस्त्यानं जायाची बी हिंमत झाली न्हाई. घरी खोटं सांगितलं की क्लच गेलाय. भ्यालो व्हतो, मॅडम. अजून बी भिऊन राह्यलो."

टायपिस्टनं ते शब्दन् शब्द टाइप करून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी लॅपटॉप मिटवला.

बाहेर पायऱ्यांवर केशरबाई म्हणाल्या, "क्लच गेला म्हनं."

"तुला ठावं व्हतं?"

"मिथुन चालवत आणली की गाडी. क्लच गेलेली गाडी आशी चालत येती व्हय?"

एवढे दिवस ही बाई सगळं जाणून होती आणि तिनं आपल्याला एका शब्दानंही उघडं पाडलं नाही, हे साहेबरावांना आत्ता कळलं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

निकाल लागायला पुढचा पावसाळा गेला. हाडाची भरपाई मिळाली, आणि मानसिक त्रासाची वेगळी मिळाली. मागितली होती त्याहून बरीच कमी. रकमेचं केशरबाईंनी विचारून घेतलं. साहेबरावांनी प्रीतीकडून एकच ओळ दोनदा वाचून घेतली. अर्जदाराची भीती खरी आहे आणि ती या अपघातामुळेच आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"भीती खरी हाय," ते म्हणाले. "सोंग न्हाई."

"नाही, मामा," प्रीती म्हणाली.

घरी परतायला दोघं जालन्याच्या स्टँडवर आले, तर नंबर शिवाजीच्या जीपचा होता. जबाबाची हकिगत त्याच्यापर्यंत कधीच पोचली होती आणि तेव्हापासून तो साहेबरावांची नजर चुकवत होता. आज दुसरी गाडी नव्हती. त्यानं खांद्यावरच्या गमछ्यानं पुढची सीट पुसली.

"या भाऊ, पुढं बसा."

"न्हाई रे शिवाजी," साहेबराव म्हणाले. "पुढं भेव वाटतं मला."

जीप खच्चून भरलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. शिवाजीच्या हातातला गमछा तसाच राहिला. मग तो मागं गेला, शेवटच्या बाकड्यावरच्या दोन पोरांना उठवून पुढं पाठवलं आणि केशरबाईंना हात देऊन चढवलं.

त्या रस्त्यावर फाटा आला की जीपवाला हॉर्न देतो, म्हणजे झाडाखाली बसलेले पॅसेंजर उठून येतात. त्या दिवशी पहिल्या फाट्यावर शिवाजीचा हात हॉर्नकडं गेला आणि माघारी आला. त्यानं मान खिडकीबाहेर काढली आणि ओरडला, "ए घनसावंगी, घनसावंगी!" दुसऱ्या फाट्यावरही तेच. "हॉर्न बिघडलाय का रं?" पुढच्या माणसानं विचारलं. शिवाजी "हं" म्हणाला. वाटेत ट्रॅक्टर आडवा आला, बैलगाडी आली, दर वेळी शिवाजी खिडकीतून ओरडत राहिला. मागच्या बाकड्यावर साहेबराव केशरबाईंच्या हातावर हात ठेवून बसले होते.

गावच्या फाट्यावर दोघं उतरले. शिवाजीनं "येतो भाऊ" म्हणायला तोंड उघडलं, पण त्याचा घसा पार बसला होता.