दहा ते पाचची वहिवाट

आसपासच्या चार गल्ल्यांत कुणाचंही शिलाई मशीन अडलं, की ते मशीनताईंच्या शेडमध्ये यायचं. ताई मशीनला कान लावायच्या, चाक दोनदा फिरवायच्या आणि सांगून टाकायच्या, "शटल घासतंय." डॉक्टरही एवढ्या ठामपणे बोलत नसतील. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ अशी ही बाई; पण तिने हात लावलेलं मशीन वर्षभर कुरकुरत नसे.

शेड वडिलांची. अंगणात पत्रे घालून त्यांनीच ती उभी केली, लेकीला काम शिकवलं, आणि ते गेल्यावर ताईंनी बावीस वर्षं ती चालवली. राहायच्या मागच्याच खोलीत. पुढचं घर बंद असायचं, कारण थोरला भाऊ वजनमापे खात्यात. आज या गावी, उद्या त्या. तो निवृत्त होऊन बायकोसह परतला, तेव्हा ताईंनी घर झाडूनपुसून लख्ख केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दादा नव्या घराचा नकाशा घेऊन शेडमध्ये आला. ताईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"यात शेड कुठाय?"

"तिथे व्हरांडा येतोय. तू दुकान बाजारात हलव ना."

"मी बरी हलेन! बावीस वर्षं बसलेय इथे. आता ही जागा माझीच."

दादा हट्टी, आणि ताई त्याचीच बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडला नवं कुलूप आणि भोवती तार. ताईंनी पक्कड काढली, तार कापली, चार मिनिटांत कुलूप उघडलं आणि कामाला बसल्या. दादा तडक पोलीस ठाण्यात.

"घुसखोरीची तक्रार लिहून घ्या."

ठाणेदारांनी पेन उघडलं. "जागा कुणाची?"

"वडिलांची. ते वारले."

"वारस?"

"मी."

"आणि?"

दादाने घसा खाकरला. "एक बहीण."

"बरं. मग घुसलं कोण?"

"तीच."

ठाणेदारांनी पेनाला टोपण लावलं. "साहेब, आधी वकिलाला विचारा. आणि चालत जा, जरा डोकं शांत होईल."

दादा चालत गेला. वकीलबाईंच्या कचेरीबाहेरच्या बाकावर ताई आधीच बसलेल्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि मग समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"एकमेकांविरुद्ध मी दोघांचीही वकील होऊ शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या, "पण कायदा दोघांना एकच आहे. एकदमच सांगते. वाटणी होत नाही तोवर त्या जमिनीचा कणन् कण दोघांचा. ताई घुसखोर नाहीत. त्यांना तुम्ही काढू शकत नाही."

ताईंचा चेहरा खुलला.

"पण ताई, नुसतं बावीस वर्षं बसलात म्हणून ती एकट्या तुमची होत नाही. दादांना शेडमध्ये यायचं असेल तर तुम्हालाही अडवता येणार नाही."

आता दादाचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो घडीची खुर्ची घेऊन शेडमध्ये हजर. बरोब्बर मध्ये बसला आणि वर्तमानपत्र उघडलं.

"ही माझी वहिवाट. दहा ते पाच."

"पायावर तेल सांडेल हं."

"सांडू दे. सामाईक आहे."

"जागा सामाईक. तेल माझं!"

असं रोज चाललं. वहिनी दुपारी दोघांनाही डबा आणून द्यायची. "भांडण जागेचं आहे, पोटाचं नाही," म्हणायची आणि निघून जायची. गिऱ्हाइकं आधी खुर्चीला अडखळायची, मग दादालाच पिशवी धरायला द्यायची.

पंधरवड्याने एक शिंपी नक्षीकामाचं मशीन घेऊन आला. वेलबुट्टी मध्येच तिरकी पडत होती आणि नवरीचा पोशाख दोन दिवसांत द्यायचा होता. ताईंनी कान लावला, तेल दिलं, शटल बदललं. दोनदा सगळं उघडून जोडलं. वेल तिरकीच. उभ्या आयुष्यात प्रथमच ताईंनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "कळत नाहीये."

दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं, खिशातून भिंग काढलं आणि कापड डोळ्यांशी नेलं. तीस वर्षं तराजूंची खोटी मापं पकडलेला माणूस तो. ओठ हलवत त्याने टाके मोजले, पुन्हा मोजले.

"दर चोविसाव्या टाक्याला चुकतंय. बाकी सगळे नेमके आहेत."

ताई ताडकन उठल्या. चोवीस टाक्यांना एकदाच फिरणारं एक चाक आत होतं. ते काढलं, तर एक दाता झिजून गुळगुळीत!

"दादा, अरे कसला तू!" त्या ओरडल्या, आणि तेलकट हाताने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की सदरा वाया गेला. दादा मात्र तोच सदरा घालून संध्याकाळभर गल्लीत हिंडला.

त्यानंतर वाटणीचा विषय दादानेच काढला. मोजायला टेप धरला, तर मधली सरळ रेष शेडमधून जाई. त्याने ती शेडला वळसा घालून काढली आणि परसात तेवढीच भरपाई घेतली. नकाशा करणारा म्हणाला, "साहेब, रेष वाकडी दिसतेय."

"शेड हलायची नाही," दादा म्हणाला. "रेष हलवणं सोपं."

सह्या झाल्या. व्हरांडा मागच्या बाजूला गेला, आणि वहिनीच्या मते तिकडेच वारा जास्त येतो.

यंदा ताईंनी जन्मात पहिली सुट्टी घेतली. आठ दिवस समुद्र बघायला गेल्या आणि शेड दादावर सोपवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, तर पलीकडे चाकाची घरघर.

"कोण आहे तिथे? काय चाललंय?"

"गप जरा," दादा म्हणाला. "मी कान लावलाय."