काढू का जी?

फोन वहिनींचा होता आणि सकाळी सकाळी आला होता, म्हणून मला वाटलं, दिवाळीला कधी येता ते विचारायला केला असेल. "शोभाबाई, तुमचे दादा उठून नाही राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, चहा थंड होतोय म्हणून तक्रार करावी तसा. मी म्हटलं, "हलवून पाहा ना." त्या म्हणाल्या, "पाह्यलं..." यवतमाळहून राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात दादालाच रागावत होते. असं न सांगता जाणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो तर साधा फोटोसुद्धा विचारल्याशिवाय काढत नसे.

आदल्या दिवशी तो शेतात जाऊन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका फुलाला लाल दोरा बांधून आला होता. पऱ्हाटीचं फूल उमलतं तेव्हा पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्याला एकाच फुलाचे दोन्ही दिवस हवे होते. पांढऱ्याचा फोटो निघाला. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो तेव्हा तिकडे ते फूल गुलाबी झालं असणार, पण ते पाहायला जायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आठवलं तोवर ते गळून गेलं होतं.

दादा एसटीत कंडक्टर होता. नोकरीची बरीचशी वर्षं झरीकडच्या मुक्कामी गाड्यांवर गेली. गाडी रात्री शेवटच्या गावात थांबायची, हा तिथेच झोपायचा आणि सकाळी तीच गाडी परत घेऊन यायचा. घरी यायचा तो कपडे धुवायला टाकण्यापुरता, असं आई म्हणायची. तो रिटायर झाला त्याच सुमारास त्याच्या मुलानं, महेशनं, पुण्याला नवा कॅमेरा घेतला आणि जुना बापाकडे धाडला. आम्हाला वाटलं, दोन दिवस खेळेल आणि कपाटात ठेवून देईल. कसलं काय! साठीला टेकलेला माणूस नव्या नवरीसारखा नटून सकाळी कॅमेरा गळ्यात घालून निघायला लागला. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, "शोभे, सारी जिंदगी म्या हात पाह्यले. पैसे देणारे हात, तिकीट घेणारे हात. थोबाडं पाहाचीच राहून गेली."

सुरुवातीचे फोटो विचारू नका. माझ्या पहिल्या फोटोत मला कपाळच नव्हतं. शेजारच्या काकू तर नुसत्या नथीपुरत्या आल्या होत्या. पण त्यानं चिकाटी सोडली नाही. सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, अंगणातला उजेड जिथे तिरपा येतो तिथे त्यानं एक लाकडी स्टूल ठेवलं. येईल त्याला त्या स्टुलावर बसवायचं, आधी विचारायचं, "काढू का जी?" आणि समोरचा हो म्हणाला की सांगायचं, "हसू नका. हसले का थोबाड लपते. श्वास सोडा." फोटो निघाला की एसटीतल्यासारखं ओरडायचं, "डबल!" म्हणजे चला, उठा, गाडी सुटली. डबल म्हटल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा नियम. लेकरंसुद्धा मान न हलवता वाट बघत बसायची. हा फुलांनाही विचारायचा. जास्वंदीपुढे वाकून "काढू का जी?" म्हणताना मी त्याला या कानांनी ऐकलंय, आणि पोट धरून हसलेय.

त्याच्या गाडीचे ड्रायव्हर रामूभाऊ एकदा तांड्यावरून भेटायला आले. त्यांनाही स्टुलावर बसवलं. दादा कॅमेऱ्यातून बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग म्हणाला, "याचं टक्कल मले तोंडपाठ हाय. थोबाड आज पाहून राह्यलो." रामूभाऊ म्हणाले, "कसं वाटलं मग?" दादा म्हणाला, "टक्कल बरं होतं." दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तो फोटो मात्र हसण्याच्या आधीचा आहे, आणि त्यात रामूभाऊ फार थकलेले आणि फार प्रेमळ दिसतात. त्यांच्या घरात तो आता देवाशेजारी लावलाय.

सगळं गाव त्या स्टुलावर बसून गेलं. बसल्या नाहीत त्या फक्त वहिनी.

आमच्या घरात एक गंमत वर्षानुवर्षं सांगितली जायची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. महेश कडेवर, आणि वहिनी माहेरी निघालेल्या. त्या दादाच्याच गाडीत चढल्या. बाजाराचा दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. दादा तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापर्यंत आला, पुढे आलेल्या हातातून पैसे घेतले आणि मान वर न करता म्हणाला, "कुठं जाचं बाई?" प्रत्येक लग्नात वहिनी स्वतःच हे नकलेसकट सांगायच्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. पण दादानं पहिल्यांदा स्टूल दाखवून "काढू का जी?" विचारलं, तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, "तवा मले पाह्याले टाइम नव्हता. आता कायले?" दादा हळूच म्हणाला, "हात पाह्यला होता ना." त्या म्हणाल्या, "तो तरी कुठं ओळखला?" ... आणि आत निघून गेल्या. आम्ही इतकी वर्षं कशाला हसत होतो ते तेव्हा मला समजलं.

दादा मग दर सणाला विचारायचा. त्या दर सणाला नाही म्हणायच्या. एवढीच सूट दिली होती की त्यांनी लावलेल्या झाडांचे फोटो काढताना त्या मधली फांदी धरून ठेवायच्या. "हात आला तं येऊ द्या, थोबाड नाही," अशी अट. म्हणून दादाच्या जास्वंदीत, शेवंतीत, दोडक्याच्या पिवळ्या फुलांतही कुठेतरी कडेला वहिनींची बोटं आहेत. जन्मभर हात पाहून कंटाळलेल्या माणसाच्या वाट्याला बायकोचा पुन्हा हातच आला. मला दोघांचाही राग यायचा. त्याहून जास्त कीव यायची.

गेल्या संक्रांतीला मी तिकडे होते. वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारच्या बकरीनं घमेल्यात तोंड घातलं आणि ते घमेलं घेऊनच ती पळाली. वहिनी मान मागे टाकून अशा हसल्या की केसांवरचा पदर घसरला. तोंडावर ऊन. इकडे सपरीत दादा, हातात कॅमेरा. मी खूण केली, काढ, काढ ना! त्यानं कॅमेऱ्याला झाकण लावलं. "इचारल्याबिगर? विनातिकीट होते ते," म्हणाला. मी चिडले. म्हटलं, अशानं तुला हिचा फोटो या जन्मात मिळत नाही. तो म्हणाला, "भेटन कधी. नाही भेटला तं नाही." आणि वहिनींकडे पाहतच राहिला, त्या हसायच्या थांबेपर्यंत.

तेरवीनंतर एका दुपारी महेशनं कॅमेऱ्यातले सगळे फोटो टीव्हीवर लावले. वहिनी अगदी पुढे बसल्या. शेजारी, नातेवाईक, रामूभाऊ, माझे कपाळासह आणि कपाळाविना, फुलं, फुलं आणि ती बोटं. शेवटी पऱ्हाटीचं ते पिवळसर पांढरं फूल आलं, देठाला लाल दोरा. पडदा काळा झाला. वहिनी म्हणाल्या, "अजून लाव." महेश म्हणाला, "संपले माय."

"माहा नाही?"

"तूच नाही म्हणे ना."

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मले वाटे, चोरून तं काढतच असन हा माणूस. म्हणून मी घरातही पदर ओढूनच राहो. खरंच एकही नाही काढला बाई त्याईनं?" मी त्यांना बकरीची गोष्ट सांगितली. विनातिकीट म्हणाला तेही सांगितलं. दादा गेल्यापासून सगळ्यांसमोर न रडलेली ती बाई तेव्हा रडली. मोठ्यानं, लेकरासारखी.

मग तोंड धुवून, केस विंचरून त्या सपरीत जाऊन स्टुलावर बसल्या. "कॅमेरा आणा शोभाबाई," म्हणाल्या. महेशनं मला बटण दाखवलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर त्या म्हणाल्या, "इचारा ना पह्यले."

"काढू का जी, वहिनी?"

"काढा."

त्या हसल्या नाहीत. श्वास सोडा म्हणून सांगावंही लागलं नाही. त्यांनी पदर कानामागे घेतला आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. मी बटण दाबलं, "झालं" म्हटलं आणि कॅमेरा खाली केला. वहिनी उठल्याच नाहीत. अंगणातला उजेड पायाशी सरकला तरी तशाच, हात मांडीवर ठेवून.

"झालं वहिनी," मी पुन्हा म्हटलं.

"डबल म्हणा ना बाई," त्या म्हणाल्या. "त्याबिगर उठाचं नाही ना."