साहेबांचा करदोडा

करंटला आमच्या साहेबांइतका भिणारा सर्जन अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. आणि उभा जन्म त्यांनी काढला तो करंटवरच. क्रांती चौकामागच्या त्यांच्या दवाखान्यात मी थिएटरची सिस्टर. विजेच्या सुरीचं टोक टेकलं की मांस कापलं जातं, रक्त तिथल्या तिथं थांबतं, आणि करंट मांडीला चिकटवलेल्या पट्टीतून मशीनकडं परत जातो. मधे अंगावर धातू असला तर तिथं भाजेल, ही साहेबांची धास्ती. पट्टी ते स्वतः चिकटवायचे, भाकरी थापल्यासारखी तळव्यानं दाबून दाबून. अंगावर काही चमकलं की काम बंद. वैजापूरची एक मावशी जोडवी काढीना. साहेब म्हणाले, "मावशी, मालक बाहेर चहा पितायत. त्यांना काय होत नाय, माझ्यावर सोडा." आणि जोडवी स्वतः तिच्या सुनेच्या पदराला गाठ मारून बांधली. एखाद्या चचांना सांगायचे, "तावीज चाची के पास रहने दो, असर उधर से भी आता." चचा हसत हसत टेबलावर चढायचे.

मग साहेबांच्याच पोटात गाठ निघाली. लगेच काढली तर धोका नाही, असं त्यांचाच विद्यार्थी म्हणाला; ऑपरेशन तोच करणार होता. साहेब मात्र आधी पोळ्यानंतर म्हणाले, मग दसऱ्यानंतर. मी खनपटीलाच बसले, तेव्हा त्यांनी सदरा वर करून चांदीचा करदोडा दाखवला. "मी सारखा हरवायचो, म्हणून हिनं सोनाराकडून जोड पक्का करून घेतलेला. आता कापावाच लागंल. करदोडा माणूस गेल्यावर कापतात, सिस्टर." बाईसाहेब त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

विद्यार्थी म्हणाला, "सर, मशीन आता सुधारल्यात. वरून टेप लावू, राहू द्या."

"जन्मभर लोकांची जोडवी उतरवली, अन् माझाच राहू द्या? नाय."

"मग कापू."

"तेबी नाय."

लई राग आला मला. शिकलासवरलेला माणूस, दुसऱ्यांना मिनिटात पटवणारा! पण ज्यानं पटवायचं तोच हटून बसला, तर पुढं बोलणार कोण?

उन्हाळ्यापर्यंत साहेब निम्मे झाले. आता पोट उघडून उपयोग नाही, हे विद्यार्थ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. साहेबांना ते आधीच कळलेलं होतं. एका सकाळी चादर बदलायला मी त्यांना धरून उभं केलं, तर करदोडा कमरेवरून घसरला आणि पायाशी पडला.

"निघाला बघा, सिस्टर. न कापता. आता टेबल लावा."

मी तो उचलला आणि त्यांच्याच पद्धतीनं माझ्या पदराला गाठ मारून बांधला.

"लावते, साहेब," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?