ओंजळ धरून थांबणारी

प्लांटचे नवे क्वार्टर आमच्या घरासमोरच बांधले जात होते. तिथं विटा वाहणारी एक रेजा, म्हणजे मजूर बाई, रोज दुपारी पाणी मागायला यायची. डोक्यावरची चुंबळ काढायची, माझ्या अडीच वर्षांच्या पोरीसमोर उकिडवी बसायची अन् ओंजळ पुढे करून विचारायची, "काय देशीन वं मले?" मग नुसती थांबायची.

पोर अजून एक शब्द बोलत नव्हती. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. "पाणी म्हण, पाणी," असं पोरीला म्हणत मीच रेजाच्या ओंजळीत तांब्या ओतून मोकळी व्हायची.

एकदा तोंड पुसत रेजा म्हणाली, "बाई, तुमीच विचारता अन् तुमीच सांगता. पोरीनं कवा बोलावं?"

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी ओठ दाबून, तांब्या घेऊन दारात उभी राहिले. ती येईचना. तिची मजुरांची टोळी दुसऱ्या कामावर जामुलला गेल्याचं मागाहून कळलं. येरझारा घालून दमले, दार लावायला वळले, तेव्हा पोरीनं माझा पदर धरला. रस्त्याकडे बघत म्हणाली, "नाई आली."

"येईल," माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. ते गिळलं, तिच्यासमोर उकिडवी बसले अन् थांबले.