दक्षिणेकडची खिडकी

मॅडम गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत घरी, नायगावला होते. लातूरला मॅडमच्या दुकानाखाली झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या शेखभाईंनी तो पाठवला होता. 'मॅडम गेल्या. दुकान दोन-तीन दिवस बंद राहील.' मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलते, पण अर्ध्यावर थांबणारी मराठी वाक्यं मला अजून उशिरा कळतात. मॅडम वर्षातून दोनदा पुस्तकं आणायला हैदराबादला जायच्या. मी लगेच लिहिलं, 'परत कधी येणार?' खुणा निळ्या झाल्या. मग त्यांचा फोन आला. "बेटा, मॅडम वारल्या. सकाळी, झोपेतच." मी म्हणाले, मी हे काय लिहून बसले. ते हळू आवाजात म्हणाले की तू लिहिलंस ते चुकीचं नाही, मलाही दिवसभर तसंच वाटून राहिलंय.

सोनकांबळे मॅडम तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत, जिथे प्रत्येक पाटीवर टॉपर मुलांचे फोटो असतात, तिथे वरच्या मजल्यावर दुकान काढलं. एका भिंतीला वास्तुकलेची आणि डिझाइनची पुस्तकं, समोरच्या भिंतीला भेटवस्तू. पाटीवर नाव होतं 'वास्तू-वस्तू'. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असताना तो जिना पहिल्यांदा चढले. खालचे हॉर्न, क्लासच्या घंटा, चहावाल्याची भांडी, सगळं जिन्याच्या वळणावर कुठेतरी राहून जायचं. दाराशी स्टुलावर पाण्याचं भांडं आणि पंचा असे. जेवायला बसताना धुतात तसे हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही, आणि लातूरला पाणी कायम कमी म्हणून एकाला एकच फुलपात्र. मग ओलसर बोटांनी आपण एखादं जाडजूड पुस्तक उघडायचो आणि कुठल्यातरी लांबच्या गावातलं अंगण, पाण्यात पडलेली खांबांची सावली, बर्फातलं एकच घर समोर यायचं... दुपार कुठे जायची कळायचं नाही. भेटवस्तूंत पितळी ओळंबे होते, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला सोडतात तसेच, पण मुठीत मावणारे. सपाट मातीच्या छताच्या माळवदी घरांच्या पुठ्ठ्याच्या छोट्या प्रतिकृती होत्या. उदगीर-कंधारकडच्या दारांची मॅडमनी काढलेली चित्रं होती. पंखा फिरला की ओळंबे अगदी थोडे हलायचे आणि सगळी खोलीच पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. माझ्यासारख्या फार न बोलणाऱ्या मुलीला ते बरं होतं. मॅडम स्वतःहून काही विचारत नसत.

पाटीमुळे मात्र भलतीच माणसं जिना चढून यायची. त्यांना वास्तू म्हणजे वास्तुशास्त्र. कुणाला पिरॅमिड हवा असे, कुणाला दारावर लावायची घोड्याची नाल. एकदा औश्याकडचे एक गृहस्थ सगळं दुकान न्याहाळून म्हणाले, "मॅडम, कासव न्हाई का?" मॅडम म्हणाल्या, "कासव न्हाई. पुस्तकं हायत. तीबी तेवढीच हळू जातात." ते हसले आणि बसले. मग हळूच खिशातून घराचा नकाशा काढला. असे नकाशे मी खूप पाहिले. वहीच्या कागदावर, लग्नपत्रिकेच्या मागे. मॅडम कुणालाच 'हे ते दुकान नाही' असं सांगत नसत. सकाळचं ऊन कुठून येतं, म्हातारं माणूस कुठं झोपतं, एवढंच विचारायच्या आणि पेन्सिलीनं एखादं दार सरकवायच्या. माणूस समाधानानं एखादा ओळंबा विकत घेऊन जायचा. मला ते पटत नसे. मी एकदा विचारलंच, हे खोटं नाही का? त्या म्हणाल्या, "मी कुठं म्हणाले शास्त्र हाय? मी म्हणाले, खिडकी इथं घ्या."

या वर्षी पप्पांनी नायगावला घर बांधायला काढलं. आराखडा त्यांनी ओळखीच्या माणसाकडून करून घेतला होता, आणि मला फोनवर म्हणाले की लातुरात वास्तूचं मोठं दुकान आहे म्हणतात, तू तिथंच आहेस तर एकदा दाखवून घे. मी नकाशा मॅडमसमोर ठेवला. स्वयंपाकघर आग्नेयेला होतं. त्याच्या पूर्वेला शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, आणि दक्षिणेला आमचं मोकळं परस असूनही तिकडची भिंत बंद, कारण दक्षिण यमाची. म्हणजे खिडकी कुठेच नाही. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "आई दिवसातला किती वेळ असते इथं?" मी म्हणाले, असेल बराच वेळ. "आर्किटेक्चर शिकून राहिलीस आन् हे मोजलं न्हाईस," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही. मग दक्षिणेच्या भिंतीवर त्यांनी फिकी खूण केली. थंडीत सूर्य तिकडूनच कलून जातो, म्हणाल्या, तो कुणाला भीत नाही.

मी म्हटलं, हे तुम्हीच लिहून द्या. पप्पा तुम्हाला तज्ज्ञ समजतात, लगेच ऐकतील. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "येणाऱ्यांना मी सांगते, कारण त्यांच्या घरात सांगणारं कुणी न्हाई. तुझ्या घरात हाय."

त्या रात्री पप्पांचा फोन आला. मी म्हणाले, मॅडमनी पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या.

का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पप्पांशी वाद नको होता, एवढंच असेल. पाया झाला, भिंती वर येऊ लागल्या. मॅडम अधूनमधून विचारायच्या, "बोललीस?" मी म्हणायचे, या रविवारी. चार महिन्यांत बरेच रविवार आले... शेवटची भेटले तेव्हाही हेच बोलणं झालं होतं. त्यांनी मान हलवली आणि पुस्तक पुसत राहिल्या.

शेखभाईंचा फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी पप्पांबरोबर बांधकामावर गेले. दक्षिणेची भिंत माझ्या खांद्याएवढी आली होती. पप्पा बालाजी मिस्त्रींना सांगत होते की लातूरच्या मॅडम वारल्या, मोठी बाई, आपला नकाशा त्यांनीच पास केला. मिस्त्रींनी डोक्याचं फडकं काढलं. ते पाहिलं आणि मला गप्प राहवेना.

"पप्पा, त्यांनी पास नव्हता केला. मी खोटं बोलले."

त्या काय म्हणाल्या होत्या, ते मी सगळं सांगितलं. पप्पांनी फक्त विचारलं, "दक्षिणेला?" आणि मग, "आन् तू चार महिने गप?" मी 'हाव' म्हणाले. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. मिस्त्री म्हणाले, "सायेब, भिंत ओली हाय तवर ऐकतीय. प्लास्टर झाल्यावर ती देवाचंबी ऐकत न्हाई."

तेवढ्यात आई थर्मास घेऊन आली. पप्पांनी तिला विचारलं, "दिवसातला किती वेळ असतीस गं तू स्वयंपाकघरात?"

"का, च्या उशिरा आला का?"

"न्हाई. सांग."

आई बोटांवर मोजू लागली. पहाटेचा चहा, माझे डबे होते तेव्हाचे डबे, दोन वेळच्या भाकरी, मधलं निवडणं-टिपणं. दुसऱ्या हाताची बोटंही संपली तेव्हा ती थांबली आणि हसली, काहीतरी चूक सापडल्यासारखी. पप्पा हसले नाहीत. मिस्त्रींना म्हणाले, खिडकी चार फुटी घ्या.

याला आता काही आठवडे झाले. लातूरचं दुकान बंद आहे. पुस्तकांचं काय होणार, शेखभाईंनाही माहीत नाही. गल्लीतून जाताना मी वर बघत नाही. नायगावचं घर अजून पूर्ण व्हायचंय, मी रविवारी जाऊन बघते. खिडकीला गज नाहीत, चौकट नाही, नुसतं विटांमधलं मोकळं आभाळ. पण सकाळी आठच्या सुमाराला ऊन तिरपं आत येतं, जिथे ओटा होणार आहे तिथवर सरकत जातं, आणि त्यात सिमेंटची धूळ इतकी सावकाश तरंगते की बोलावंसं वाटत नाही. आई रोज बांधकामावर पाणी मारायला येते आणि पाणी मारून झालं की पालथ्या घमेल्यावर त्या उन्हात बसून राहते. मॅडमना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी इस्लापूरहून पप्पांचे चुलतभाऊ घर बघायला आले. सगळ्या खोल्या फिरून झाल्या, आणि स्वयंपाकघरात ते थबकले. दक्षिणेला खिडकी? कुणी सांगितली ही?

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण आई उन्हातून उठलीही नाही, तिथूनच म्हणाली, "मला पाहिजे होती."